वल्ह्याचं चामडं

पहाटे ५.४०

झुरिकच्या तळ्याच्या पश्चिम काठानं मीथेनके हा रस्ता जातो. एका अंगाला पाणी, पाण्याला लागून रोइंग क्लबांची होडीघरं. दारं उघडली आहेत. आत लोखंडी मांडण्यांवर होड्या पालथ्या घातलेल्या, एकीवर एक. दक्षिणेकडचे बर्फाचे डोंगर स्पष्ट दिसताहेत. ऑफिसला जायच्या आधी तासभर वल्ही मारणारी मंडळी येऊ लागलीत. कुणी बँकेत, कुणी विमा कंपनीत, कुणी शाळेत शिकवतं. साडेसातला सगळे अंघोळी उरकून आपापल्या ट्रामला.

मिस्त्री सायकलवरून आले. वय अठ्ठावन्न. निळी डांगरी, खिशाला पेन्सिल, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. धंदा होड्या दुरुस्त करण्याचा. चाळीस वर्षं हेच केलं. नाव छापू नका म्हणाले, म्हणून मी मिस्त्रीच म्हणतो. शनिवार-रविवार शर्यती असल्या की त्या आठवड्यात ते शेडवर जायच्या आधी इथं चक्कर मारतात.

एक बाई वाट बघत उभ्या होत्या. एकटीनं चालवायची होडी, दोन वल्ही. डावं वल्हं गुडघ्याला लागतं, अशी तक्रार. मिस्त्री गुडघ्यावर बसले. खिशातून दहाचा पाना काढला. वल्हं ज्यात अडकतं त्या कडीवरचा एक वायसर काढून खाली घातला, नट आवळला. "बसा." बाई बसल्या. "आता?" त्यांनी मान डोलावली. चार मिनिटं.

बिलाचा नियम सोपा. पाच मिनिटांच्या आतल्या कामाचे पैसे नाहीत. पाचाच्या पुढे गेलं की पंधरा मिनिटांचे लागतात.

"मग तुम्ही पाचच्या आत उरकता का?" मी विचारलं.

"काम असतं तेवढा वेळ लागतो," मिस्त्री म्हणाले. आणि पुढच्या होडीकडे वळले.

सकाळी ७.००

शेड इथून चालत दहा मिनिटांवर. दार सरकवलं की आधी नाकात वास शिरतो, वार्निशचा आणि ओल्या लाकडाचा. शिकाऊ मुलगी आधीच आली होती. होर्गेनहून लोकलनं येते. होडीबांधणीचं शिक्षण इथं चार वर्षांचं. ती तिसऱ्यात आहे. आठवड्यातला एक दिवस शाळा, बाकी शेडवर. पहिल्या वर्षी महिना साडेसहाशे फ्रँक होते, आता हजार. इथं शिकाऊही मिस्त्रींना अरे-तुरेच करतो. त्यात उद्धटपणा नाही, रीतच आहे.

मधोमध घोड्यांवर ती होडी पालथी ठेवलेली. तिच्यासाठीच मी आलो होतो. चौघांची, सुकाण्यावाल्याची बैठक वेगळी. तेरा मीटरच्या वर लांब, आणि रुंदी इतकी की माणूस जेमतेम बसेल. अंगाला सीडरच्या पातळ फळ्या, तीन-साडेतीन मिलिमीटरच्या. आतून ॲशच्या फासळ्या. खालचा कणा स्प्रूसचा. मिस्त्रींच्या मते १९२०च्या दशकातली असावी. खिळ्यांवरून आणि फासळ्यांमधल्या अंतरावरून ते असं सांगतात. एका क्लबाला समारंभात ती पाण्यात उतरवायची आहे. तीन फासळ्या मोडल्यात, एक फळी उभी चिरली आहे, आणि चारही वल्ह्यांचं चामडं गेलंय.

अंदाजपत्रक भिंतीला टाचलेलं. बासष्ट तास, तासाला एकशे पंधरा फ्रँक. सात हजार एकशे तीस. वर सामान सहाशे चाळीस.

सकाळी ७.२०

मोडकी फासळी काढायची म्हणजे आधी खिळे काढायचे. खिळे तांब्याचे, बारीक, बाहेरून मारून आतल्या बाजूनं छोट्या चकतीवर ठोकून बसवलेले. उपटले तर सीडर फाटते. म्हणून आतून चकती कापायची, मग खिळा आतून बाहेर अलगद ढकलायचा. मुलगी होडीखाली आडवी झाली, डोक्याला दिवा बांधून. मिस्त्री वरून. मध्ये साडेतीन मिलिमीटर लाकूड.

"कापली?"

"कापली."

टक्. खिळा बाहेर. डब्यात टाकला. पुन्हा.

असे एका फासळीचेच खूप. मी मोजणं सोडून दिलं. जुने खिळे ते फेकत नाहीत. तांबं भंगारात जातं, वर्षअखेरीला त्या पैशांतून शेडवर एक जेवण होतं.

हे काम बघताना बोलावंसं वाटत नाही. दोघांच्या हातांत एक पातळ फळी आहे आणि एकमेकांचं तोंड दिसत नाही. घाई एकानं केली तर नुकसान दुसऱ्याच्या बाजूला दिसणार.

सकाळी ९.००

नवाची न्याहारी चुकत नाही. पाव, चीज, थर्मासमधली कॉफी. बाहेर कॉफी घ्यायची तर पाच फ्रँकच्या पुढे, म्हणून थर्मास. बसायला उलट्या बादल्या.

मी हान्स वाल्टरचं नाव काढलं. मिस्त्रींनी पाव खाली ठेवला.

हान्स वाल्टर स्वित्झर्लंडचा वल्हेकरी. जन्म १८८९चा. ऐन पंचविशीत महायुद्ध आलं. १९१४ ते १९१९ युरोपियन अजिंक्यपदाच्या शर्यतीच झाल्या नाहीत. स्वित्झर्लंड लढाईत नव्हता, पण सरहद्दीवर पहारा होताच. वल्हेकऱ्याची सगळ्यात कसदार वर्षं अशी गेली. १९२०मध्ये ऑलिंपिक भरलं तेव्हा तो एकतीसचा होता.

शर्यती अँटवर्पच्या ऑलिंपिकमधल्या, पण पाणी ब्रसेल्सजवळच्या विल्लब्रूक कालव्याचं. दोन्ही काठांना कारखाने आणि तेलाच्या टाक्या. ऑलिंपिक ज्यानं पुन्हा सुरू केलं तो कुबेर्तँ स्वतः वल्ही मारणारा. त्याला ही जागा अजिबात पसंत पडली नव्हती. मिस्त्रींना पसंत आहे. "कालव्याचं पाणी सरळ. काठ उंच, वारा कमी," ते म्हणाले. "होडीला एवढंच लागतं. टाक्या वर आहेत, होडी खाली."

सुवर्ण जिंकणाऱ्या स्विस होडीत चौघं होते विली ब्रूडर्लिन, माक्स रुडॉल्फ, पॉल रुडॉल्फ आणि हान्स वाल्टर. सुकाणूवर पॉल श्टाउब. दोन हजार मीटर, ६ मिनिटं ५४ सेकंद. अमेरिका ६:५८, नॉर्वे ७:०२.

मिस्त्रींनी पेन्सिल काढली आणि फळकुटावर गणित मांडलं. चारशे चौदा सेकंदांत दोन हजार मीटर. म्हणजे सेकंदाला पावणेपाच मीटरच्या थोडं वर. चार सेकंदांचे झाले एकोणीस मीटर. मग त्यांनी पेन्सिलनं घोड्यांवरच्या होडीकडे दाखवलं. "हिच्यासारख्या होडीची दीड लांबी. अमेरिका एवढी मागे होती."

मुलगी उठली आणि होडीच्या शेपटापासून अर्धी होडी अंतर पावलांनी मोजत गेली, भिंतीपर्यंत. मग तिथून मागे वळून नाकाकडे बघत राहिली.

सकाळी ९.३५

वाफ.

सांडपाण्याचा जाड प्लॅस्टिकचा पाइप, दोन मीटरचा, आडवा टांगलेला. एका तोंडाला चिंधी कोंबलेली. दुसऱ्या तोंडातून रबरी नळी आत जाते, ती भिंतीचा जुना कागद सोडवायच्या वाफेच्या यंत्राला जोडलेली. यंत्र जुन्या बाजारातून चाळीस फ्रँकला घेतलंय. आत ॲशच्या पट्ट्या, आठ मिलिमीटर जाड. वीस मिनिटं शेकायच्या.

इकडे होडीत जागा तयार. शिकंजे उघडून ओळीनं मांडलेले. मिस्त्री एकेक शिकंजा हातात घेऊन स्क्रू फिरवून बघतात. पट्टी बाहेर आली की ती वाकवायला मिनिटभरही मिळत नाही. तेवढ्यात शिकंजा अडला तर सगळं वाया.

"तू काढ," ते मुलीला म्हणाले.

तिनं जाड हातमोजे घातले. चिंधी ओढली. वाफेचा लोट आला. पट्टी घेऊन ती तीन पावलांत होडीपाशी. मधोमध दाबली, मग एक टोक, मग दुसरं. दुसऱ्या टोकाला कट् असा आवाज झाला. बारीकच. बाहेरून काही दिसत नव्हतं. मिस्त्रींनी बोट फिरवलं आणि एका जागी थांबले. रेषा गेली होती, धाग्याएवढी.

मुलीनं पट्टी काढून बाजूला ठेवली. कुणी काही बोललं नाही. ॲशची ती पट्टी बारा फ्रँकची, शिवाय रंध्यावर घालवलेला अर्धा तास.

"रेषा बघ," मिस्त्री म्हणाले. त्यांनी मोडकी पट्टी उजेडात धरली. लाकडाचे तंतू एका जागी कडेतून बाहेर निघत होते. "इथं कडेला सुटलेत. हे मला सकाळी दिसायला हवं होतं. पट्टी मी निवडली होती."

दुसरी पट्टी त्यांनी दोघांनी मिळून निवडली, खिडकीपाशी नेऊन. पुन्हा वीस मिनिटं. ह्या वेळी पट्टी ओल्या शेवग्याच्या शेंगेसारखी वळली. मुलगी दाबत गेली, मिस्त्री मागून शिकंजे लावत गेले. सहा शिकंजे. शेवटचा आवळला तेव्हा दोघांच्या मनगटांवर घामाचे थेंब होते.

मी पट्टीला हात लावला. अजून गरम होती. आता दोन दिवस अशीच राहणार, मग खिळे.

सकाळी ११.१०

फोन. कार्बनच्या होडीचं फिन मोडलंय, पोटाखालचा तो तळहाताएवढा तुकडा. रविवारी शर्यत. आज संध्याकाळी हवं. मिस्त्री म्हणाले, आणून टाका. फिन अठ्ठावीस फ्रँक, बसवणं अर्धा तास.

होडी आली, काम झालं, गेली. कार्बनचं काम झटपट असतं आणि त्यात पैसा आहे. शेडचं भाडं त्यावर निघतं. लाकडाच्या होड्या वर्षाला दोन-तीनच येतात.

दुपारी १२.००

बारा म्हणजे बारा. मिस्त्री तळ्यात डुंबून आले, पाच मिनिटांत. मुलीनं डबा आणला होता, कालचा पास्ता. कोपऱ्यावरच्या टपरीवर भाजलेला सॉसेज आणि पाव घेतला तर नऊ फ्रँक होतात. मी घेतला. मिस्त्रींनी घरून आणलेलं बटाट्याचं सॅलड खाल्लं.

पगाराचं मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. महिना सहा हजार दोनशे, कापून जाऊन हातात साडेपाच हजारांच्या आत. घरभाडं एकोणीसशे. आरोग्य विमा दोघांचा वेगळा. शेड त्यांची नाही. मालक वरच्या मजल्यावर बसतो, त्याचं वय सत्तर. गिऱ्हाइकाकडून तासाला एकशे पंधरा घेतले जातात, मिस्त्रींच्या वाट्याला पस्तीसच्या आसपास येतात. बाकीच्यात शेड, वीज, विमा, यंत्रं, शिकाऊ. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. हिशेब सांगावा तसं सांगितलं.

"आणि वल्ही मारणाऱ्यांना?" मुलीनं विचारलं. "त्या वेळी?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. "पैसे घ्यायचेच नसत. घेतले तर बाहेर."

दुपारी १२.५०

चामडं.

वल्हं होडीच्या कडीत जिथं टेकतं तिथं लाकूड उघडं ठेवून चालत नाही. प्रत्येक ओढीला घासतं, शर्यतभर. म्हणून तिथं चामड्याचा पट्टा गुंडाळायचा, आणि त्याच्यावर चामड्याचंच जाड कडं, म्हणजे बटण. बटणामुळे वल्हं बाहेर सरकत नाही. आता हे सगळं प्लॅस्टिकचं असतं, पाच मिनिटांत बसतं, स्क्रूनं. ह्या होडीला ते चालणार नाही.

चामडं रात्रभर पाण्यात होतं. मिस्त्रींनी बादलीतून काढलं, फडक्यात दाबलं. गाईचं, पाठीकडचं, तीन मिलिमीटर. चार वल्ह्यांना मिळून एकशे दहा फ्रँकचं. कागदाचा साचा ठेवून सुरीनं कापलं. कडा तिरकी तासली, म्हणजे शिवण वर येणार नाही.

मग वल्हं मांडीवर आडवं. स्प्रूसचं, आतून पोकळ, पावणेचार मीटरच्या जवळपास. दोन सुया, एकच धागा, मेण लावलेला. सुई डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, त्याच भोकातून. ओढायचं. चामड्याच्या दोन कडा एकमेकींना भिडतात, चढत नाहीत. ओलं असताना ताणून शिवायचं, वाळल्यावर ते आवळतं आणि लाकडाला धरतं. म्हणून खिळे अगदी थोडे मारायचे, दोन्ही टोकांना.

दहा टाके झाले की मिस्त्री थांबतात आणि बोटं उघडझाप करतात. धाग्यानं करंगळीच्या पेराला खाच पडलेली. तिथं घट्टा आहे, जुना.

"हातमोजे?"

"मग ताण कळत नाही."

मी बाजूला बसून होतो. सांगतो ते एवढ्याचसाठी, की हान्स वाल्टरच्या शर्यतींची आकडेवारी मी आधी वाचली होती, पण ती मला ह्या शिवणीपाशी बसून पहिल्यांदा कळली. ६ मिनिटं ५४ सेकंद. मिनिटाला छत्तीस ओढी धरल्या तर अडीचशेच्या घरात जातात. तितक्या वेळा एक माणूस सगळं अंग मागे फेकणार, आणि ते सगळं बळ ह्या हातभरही नसलेल्या चामड्यावरून होडीत उतरणार. ते चामडं कुणीतरी असंच मांडीवर घेऊन शिवलेलं असणार. निकालात पाच नावं आहेत. शिवणाऱ्याचं त्यात नाही, आणि असायला हवं होतं असं मला वाटतं.

दुपारी २.१५

दुसरं वल्हं. हे मुलीचं. तिचे टाके अजून सारखे नाहीत. मिस्त्रींनी दोनदा उसवायला लावलं. तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत.

शिवता शिवता १९२४चं बोलणं निघालं. पॅरिसचं ऑलिंपिक. शर्यती सेन नदीवर, आर्जांतयला. हान्स वाल्टर पस्तिशीला टेकलेला. जुन्या होडीतला तो एकटाच उरला होता. बाकी नवे: एमील आल्ब्रेख्ट, आल्फ्रेड प्रोब्स्ट, ऑइगेन झिग. चौघांची सुकाण्यावाल्यासह होडी ७:१८.४ला पोचली, फ्रान्स ७:२१.६, अमेरिका ७:२३. पुन्हा सुवर्ण.

पण ह्याच चौघांनी दुसरी शर्यतही धरली होती, सुकाण्यावाल्याशिवायची. त्यात ब्रिटन पहिलं, ७:०८.६. कॅनडा दुसरं. हे तिसरे. दोन्ही अंतिम शर्यती १७ जुलैच्या.

"एकाच दिवशी?" मुलीचा हात थांबला.

"एकाच दिवशी. त्याच चार पाठी."

तिनं मनाशी गणित केलं असावं, कारण थोड्या वेळानं म्हणाली, "म्हणजे पाचशे."

मिस्त्री हसले. "आणि आधीच्या फेऱ्या वेगळ्या."

मी सुकाण्यावाल्याची गोष्ट सांगितली. १९२४च्या त्या सुवर्णहोडीत सुकाणूवर कोण होतं ह्यावर कागदांचं एकमत नाही. अधिकृत अहवालात वाल्टर लूस्ली. ऑलिंपिक समितीच्या पदकांच्या यादीत एमील लाशापेल, जो त्याच ऑलिंपिकमध्ये दोघांच्या स्विस होडीचा सुकाण्यावाला होता. ती होडीही सुवर्ण जिंकली, ८:३९.० विरुद्ध इटलीचे ८:३९.१. एक दशांश सेकंद.

मिस्त्रींनी सुई चामड्यात तशीच ठेवली. चौघांची नावं पक्की आणि पाचव्याचं नाही, हे त्यांना लागलं. "तो बसलेला असतो तोंड पुढे करून," ते म्हणाले. "होडीत पुढचं दिसतं ते त्याला एकट्याला. बाकी चौघांची पाठ." मग धागा ओढला.

दुपारी ३.३०

बाहेर ट्रेलर लागला. रविवारच्या शर्यतीसाठी होड्या ल्युत्सेर्नला जायच्यात, रोटझेवर. डोंगरांच्या मधलं अरुंद, लांबट तळं. वारा शिरत नाही. १९३३पासून तिथं शर्यती होतात. सगळ्यांनी हात लावला, मीही. कार्बनची होडी उचलताना वजन जाणवतच नाही. एकेका होडीला दोन पट्टे, पट्ट्याला एक पीळ, म्हणजे वाऱ्यात फडफडत नाही. मागच्या टोकाला लाल फडकं. वीस मिनिटांत गाडी गेली.

दुपारी ४.००

चारची कॉफी. भोपळ्याच्या बिया.

मिस्त्री स्वतः वल्ही मारायचे, तरुणपणी. मुलीलाही आवडतं, सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी जाते. क्लबाची वर्गणी तिला अर्धी.

मी त्यांना इंग्लंडमधल्या हेन्लीचा नियम सांगितला. थेम्सवरची नावाजलेली शर्यत. हौशी कोण, ह्याची व्याख्या तिथं अशी होती, की जो पोटासाठी मेकॅनिक, कारागीर किंवा मजूर आहे किंवा कधी होता, तो हौशी नाही. इंग्लंडच्या हौशी रोइंग संघटनेच्या नियमात तर होड्यांवर पैशासाठी काम करणारा माणूसही बाद. तर्क असा, की अंगमेहनतीनं त्याचं शरीर आधीच कमावलेलं, बाकीच्यांवर तो अन्याय.

१९२०मध्ये अमेरिकेचा जॉन केली तिथं उतरणार होता. फिलाडेल्फियाचा, विटा रचणारा गवंडी. त्याची प्रवेशिका परत गेली. मग तो ब्रसेल्सला आला, त्याच विल्लब्रूक कालव्यावर. एकेरी शर्यत एका सेकंदानं जिंकला, इंग्लंडच्या जॅक बेरेसफर्डला मागे टाकून. आणि अर्ध्या तासानं दुहेरीही जिंकला. हान्स वाल्टरच्या होडीनं ज्या पाण्यात सुवर्ण मिळवलं, ते हेच पाणी, तेच दिवस. हेन्लीनं ती अट काढली ती १९३७मध्ये.

मिस्त्रींनी हात पुढे केले आणि बघितले. एकदा तळहात, एकदा पालथे.

"म्हणजे मला नाही," ते म्हणाले.

"नाही."

"हिला?"

मुलगी काही बोलली नाही. बायकांना ऑलिंपिकमध्ये वल्ही मारायला मिळाली ती १९७६मध्ये, माँट्रिअलला. हे मिस्त्रींना ठाऊक होतं, त्यांनीच सांगितलं. तेव्हा ते शाळेत होते.

"माझं काम म्हणजे सराव, असं म्हणायचे ते?" त्यांनी पुन्हा विचारलं. "दिवसभर होडीखाली आडवं पडल्यावर मग संध्याकाळी वल्हं मारून बघायला हवं होतं त्यांनी."

ते रागावले होते. माझ्यावर नव्हे. बियांची साल त्यांनी जोरात बादलीत टाकली.

दुपारी ४.२५

चिरलेली फळी. भेग हातभर लांब. आतून रेशमी कापडाची पट्टी चिकटवायची, वरून भेगेत सीडरची बारीक चिळी. चिळी कागदाएवढी तासलेली. रंधा इतका हलका फिरतो की ऐकू येत नाही. रंध्याचं पातं रोज दोनदा धारेला लागतं. चिळी बसली, कापराच्या वडीएवढ्या शिकंज्यांनी धरली, वरून चिकटपट्टी.

पॉलिशपेपरची चकती सव्वा फ्रँकची. मुलगी अर्धी झिजलेली टाकायला निघाली. मिस्त्रींनी ती परत घेतली आणि बारीक कामाच्या डब्यात ठेवली.

संध्याकाळी ५.१५

पहिल्या वल्ह्याचं चामडं आता वरून वाळलंय. उद्या पूर्ण वाळलं की चरबी. तीही तयार आहे, डब्यात, पिवळट पांढरी. कोपऱ्यावरचा खाटीक फुकट देतो. मिस्त्री दर वेळी दोन फ्रँक गल्ल्यापाशी ठेवतात आणि तो दर वेळी नको म्हणतो.

चरबी लावली नाही तर चामडं कडीत कुरकुरतं. लावली तर वल्हं सरकतं, वळतं, आवाज करत नाही. १९२४च्या त्या वर्षी युरोपियन अजिंक्यपद झुरिकमध्येच भरलं होतं. मिस्त्री म्हणाले, त्या दिवसांत ह्या काठानं चरबीचा वास येत असणार.

वल्हं त्यांनी उभं केलं. मी हातात घेतलं. आजच्या वल्ह्यापेक्षा पातं कितीतरी अरुंद आणि लांबट, पण जड. शिवणीवरून अंगठा फिरवला. टाके लागत नव्हते.

"मुलीचं बघा," मिस्त्री म्हणाले.

तिचं बघितलं. तीन टाके लागत होते. तिनंही अंगठा फिरवून बघितला, आणि कुठले तीन ते पेन्सिलनं टिंब देऊन ठेवले.

संध्याकाळी ५.४०

झाडलोट. लाकडाचा भुसा एका पोत्यात, कार्बनची धूळ वेगळ्या, बांधलेल्या पिशवीत. तिच्या विल्हेवाटीला पैसे पडतात. शिकंजे तेलाच्या फडक्यानं पुसून खुंट्यांवर. सुया मेणात.

मग मिस्त्री पुठ्ठ्याच्या पाटीवर दिवसाचे तास लिहायला बसले. जुन्या होडीवर त्यांचे साडेसहा, मुलीचे सहा. फासळी एक. ॲश, पट्ट्या दोन. चामडं, वल्ही दोन. मोडलेल्या पट्टीचे बारा फ्रँक आणि अर्धा तास त्यांनी गिऱ्हाइकाच्या रकान्यात लिहिले नाहीत. शेडच्या रकान्यात टाकले. बासष्टातले साडेबारा गेले, उरले साडेएकोणपन्नास.

"पुरतील?" मी विचारलं.

"अजून दोन फासळ्या, दोन वल्ही, मग वार्निशचे सहा हात. प्रत्येक हात वाळायला एक दिवस." त्यांनी बोटांवर मोजलं. "तास पुरतील. दिवस पुरायला हवेत."

मुलगी पाठीला पिशवी लावून दारात थांबली होती. सहा चारची लोकल गाठायची होती.

"उद्या तू शाळेत," मिस्त्री तिला म्हणाले. "परवा आलीस की आधी ते तीन टाके उसव. आणि जाताना दोन चामडी बादलीत टाकून जा, म्हणजे मला उद्या सकाळी मिळतील."

तिनं पिशवी खाली ठेवली आणि नळ सोडला.